कान-नाक-घशाचे डॉक्टर लागू

धारमध्ये 'मुकद्दर का सिकंदर' लागला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आई, मी आणि शेजारची दोन मुले असे आम्ही टॉकीजमध्ये गेलो होतो. पडद्यावर कठोर चेहऱ्याचे एक श्रीमंत गृहस्थ आले, तसा माझा मित्र जाणकाराच्या थाटात म्हणाला, "ये राखी का बाप है." पलीकडून आई हलक्या आवाजात म्हणाली, "अरे, ते डॉक्टर आहेत." आणि एवढ्याने भागले नाही असे वाटून की काय, थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "नटसम्राट." कथानकात तर हा माणूस डॉक्टर नव्हता, आणि सम्राट मुळीच नव्हता. त्या वयात मला एवढेच कळले की, एकाच माणसाकडे पाहून आमच्या घरातली माणसे एक पाहतात आणि गल्लीतली माणसे दुसरेच.

माळव्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला हे दुहेरी पाहणे जन्मतःच येते. घरात वरण-भात आणि ओटल्यावर सेव-पोहे, आजीशी मराठी आणि दुकानदाराशी हिंदी. डॉ. श्रीराम लागू यांच्याइतका हा दुभंग स्पष्ट करून दाखवणारा दुसरा नट मला ठाऊक नाही. हिंदी पाहणाऱ्यांना ते 'राखी का बाप', 'लावारिस'मधला दारूडा गंगू गणपत किंवा 'सौतन'मधला गोपाल म्हणून आठवतात. मराठी घरांतून त्यांचे नाव निघाले की 'सामना', 'पिंजरा', 'सिंहासन' हे शब्द पाठोपाठ येतात. आणि आमच्या आईवडिलांच्या पिढीसाठी हे सारे चित्रपट दुय्यम होते. त्यांच्या मनात लागू म्हणजे गणपतराव बेलवलकर. गंमत अशी की, ही सर्वांत मोठी भूमिका त्यांनी चित्रपटाच्या पडद्यावर कधी केलीच नाही.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत या नटाविषयी लिहावेसे वाटण्याचे एक कारण उघड आहे. ते आपल्यापैकी होते. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे जन्म, वडीलही डॉक्टर, शिक्षण पुण्यात, वैद्यकीय पदवी बी. जे. मेडिकलची. कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात काही वर्षे व्यवसाय केला, पुढील प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड गाठले, नंतर टांझानियातील टाबोरा येथे काम केले. नाटकाचे वेड विद्यार्थिदशेपासूनचे होते. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये ते वाढले. १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून त्यांनी पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, आणि कान-नाक-घसा मागे पडला. चाळिशी ओलांडलेला, हातात कसब असलेला सर्जन खुर्ची सोडून उठतो, यातले धाडस कलाप्रेमींपेक्षा आपल्याला अधिक कळावे. त्या वयात मी देवासच्या दवाखान्याच्या कर्जाचे हप्ते फेडत होतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मीही दोन-तीन नाटके केली होती आणि बरी केली होती, असे मला अजूनही वाटते. पण खुर्चीवरून उठण्याचा विचार मनाला शिवला नाही. लहान मुलाला सुई टोचण्याआधी जो काही अभिनय करावा लागतो, तेवढ्यावर हौस भागली.

हिंदी चित्रपटसृष्टीने या माणसाचे काय केले याबद्दल माझी तक्रार आहे. त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांत कामे केली. त्यांतली बरीच एखाद्या व्यग्र डॉक्टरने न पाहता लिहिलेल्या चिठ्ठीसारखी वाटतात: 'बाप, एक, मध्यांतराआधी, न्यायाधीश, एक, शेवटी.' आमच्या धारपासून पस्तीसेक किलोमीटरवर मांडूला गुलजारांच्या 'किनारा'चे चित्रीकरण झाले. तो चित्रपट १९७७ चा. धारमध्ये आजही त्याचे नाव निघाले की, जुनी माणसे हेमामालिनी कुठे उभी होती आणि जितेंद्र कुठून चालत आला, हे हात लांब करून दाखवतात. त्याच चित्रपटात डॉ. लागूही आहेत. त्यांचे नाव मात्र कुणी घेत नाही. मांडूच्या भग्न महालांपुढे तो संयत चेहरा झाकोळून जावा यात नवल नसेलही. परंतु त्याच वर्षी याच हिंदी पडद्यावर त्यांनी एक अशी भूमिका केली की, ती प्रत्येक डॉक्टरने पाहावी.

भीमसेन यांचा 'घरौंदा'. मुंबईत घर मिळत नाही म्हणून लग्न अडलेले एक जोडपे, अमोल पालेकर आणि झरीना वहाब. तिच्या कचेरीचा वयस्क मालक मोदी तिला मागणी घालतो. मोदी हृदयविकाराचा रुग्ण आहे. तेव्हा प्रियकरच तिला सुचवतो की, तू याच्याशी लग्न कर, हा फार दिवसांचा सोबती नाही, मग पैसाही आपला आणि घरही. हे असे रोगनिदानावर बेतलेले कारस्थान! पण लग्न होते, मोदी सुखी होतो, आणि सुखी झाल्यामुळे जगतो. डॉ. लागूंनी हा मोदी केविलवाणा केला नाही, लंपटही केला नाही. जगण्याची लाज वाटू न देणारा एक प्रौढ माणूस त्यांनी उभा केला. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. 'किती दिवस काढतील हो?' असे नातेवाइकांनी विचारल्यावर आपण जो आकडा सांगून टाकतो, त्या आकड्याचा कोण काय हिशेब मांडत असेल, हा विचार मला हा चित्रपट पाहण्याआधी कधी आला नव्हता. तेव्हापासून मी आकडा सांगत नाही.

आता 'पिंजरा'. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा हा चित्रपट. गावाला आदर्श मानणारा, गावानेही आदर्श मानलेला एक मास्तर. गावात तमाशाचा फड येतो. मास्तर त्याला हुसकावू पाहतो आणि चंद्रकलेच्या, म्हणजे संध्या यांच्या, पाशात स्वतःच अडकतो. पुढे दुसऱ्याच कुणाचे प्रेत मास्तरचे समजले जाते, गाव त्याचा पुतळा उभारते, आणि जिवंत मास्तर फडाबरोबर हलकी कामे करत फिरतो. शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो आणि पुतळा शाबूत राहावा म्हणून तो फाशी स्वीकारतो. जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांच्या गाण्यांनी हा चित्रपट घरोघरी पोहोचवला. पण आमच्या घरात त्याची आठवण वेगळीच आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, धारला शाळेत गणित शिकवत. सारे गाव त्यांना 'माटसाब' म्हणे. माटसाबांनी धारमध्ये तमाशाचा चित्रपट पाहणे त्यांच्या स्वतःच्याच पचनी पडेना. म्हणून ते एका रविवारी कुणाला न सांगता इंदूरला गेले आणि तिथे त्यांनी 'पिंजरा' पाहिला. मध्यांतरात दिवे लागले. दोन रांगा पुढे त्यांच्याच वर्गातली दोन मुले बसलेली होती. मुलांनी अण्णांना पाहिले, अण्णांनी मुलांना पाहिले. मग दोन्ही पक्षांनी समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे अत्यंत एकाग्रतेने पाहायला सुरुवात केली. सोमवारी वर्गात कुणी काही बोलले नाही. पुढे तीस वर्षे बोलले नाही. त्यांपैकी एक मुलगा स्वतः शिक्षक होऊन निवृत्त झाला. त्या निरोपसमारंभात अण्णा त्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले आणि दोघेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तेव्हा आईने विचारल्यावर ही कथा बाहेर आली. अण्णांचे म्हणणे असे की, मास्तर तमाशाच्या नादी लागतो तो भाग कुणीही करील. पण आपला पुतळा पाहताना लागूंच्या तोंडावर जे दिसते ते मास्तरकी केलेल्यालाच कळते.

'सामना' मी प्रथम पाहिला तो गणेशोत्सवात, भाड्याच्या व्हीसीआरवर. पुण्याहून कुणाच्या तरी मामांनी कॅसेट आणली होती. पंचवीस-तीस माणसे सतरंजीवर आणि एक रंगीत टीव्ही, जो अधूनमधून हिरवा होई. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलांच्या गावात एक दारूडा, उन्मळून पडलेला मास्तर येतो. हाही मास्तरच. आणि मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न तो विचारत राहतो. निळू फुले यांचा हिंदुराव आणि लागूंचा मास्तर, दोघेही एकमेकांना ओळखून आहेत, जवळजवळ एकमेकांवर लोभ आहे, आणि तरी प्रश्न मागे घेतला जात नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आमच्या सतरंजीवर मात्र चित्रपट संपल्यावर बराच वेळ कुणी उठले नाही. मग कुणीतरी आरतीची आठवण केली.

या चित्रपटाची एक बाजू खास आपल्या मंडळींसाठी. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. नायक कान-नाक-घशाचा सर्जन. आणि त्यातच एक भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सामूहिक प्रॅक्टिसच म्हणायची! बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली रडारड ऐकून झाल्यावर माणसाच्या अंगात चित्रपट काढण्याचे त्राण उरते, हे मी स्वतः त्या व्यवसायात नसतो तर मानलेच नसते. डॉ. पटेलांचे आणि देवासचे नाते पुढे जडले ते पंडित कुमार गंधर्वांमुळे. त्यांनी कुमारजींवर 'हंस अकेला' हा माहितीपट केला. १९४८ च्या सुमारास क्षयाने ग्रासलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले, वर्षानुवर्षे गाणे बंद राहिले, आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या त्या आरंभकाळात ते वाचले, पुन्हा गायले, देवासचेच झाले. पण हा विषय वेगळ्या लेखाचा.

'सिंहासन'ने १९७९ मध्ये लागूंना अगदी दुसऱ्या टोकाला नेऊन बसवले. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट. त्यात मुख्यमंत्री अरुण सरनाईक, आणि त्यांना खाली खेचू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे लागू. 'सामना'त सत्तेला प्रश्न विचारणारा माणूस इथे सत्तेच्या पायऱ्या मोजतो. दोन्ही चेहरे पटतात. महाराष्ट्रातले मित्र या चित्रपटातील पात्रांची खरी माणसे कोण, यावर तासन्‌तास वाद घालतात. आम्ही मध्य प्रदेशातली माणसे तेवढ्यापुरती बाहेरची ठरतो आणि निव्वळ अभिनय पाहतो, हा एक फायदाच.

डॉक्टर म्हणून मला त्यांच्या कामात काय दिसते? थांबणे. रुग्ण बोलत असताना चांगला डॉक्टर जसा मधे बोलत नाही, ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर निदान उमटत जाते पण तो ते इतक्यात सांगत नाही, तसे लागू समोरच्या नटाचे ऐकत. आवाज चढवण्याचा मोह त्यांना क्वचितच होई. त्यांच्याच काळातले दुसरे डॉक्टर, दंतवैद्य काशिनाथ घाणेकर, यांचा मामला अगदी उलट. ते आल्याबरोबर नाट्यगृह पेटे. २०१८ मध्ये घाणेकरांवर चित्रपट निघाला तेव्हा त्यात सुमीत राघवन यांनी डॉ. लागूंची भूमिका केली. इतकी माणसे साकारणारा माणूस हयातीतच स्वतः एक भूमिका होऊन बसला.

१९९४ मध्ये त्यांचा मुलगा तन्वीर गेला. धावत्या लोकलवर बाहेरून कुणीतरी भिरकावलेला दगड त्याला लागला. लागू ईश्वर न मानणारे, देवाला निवृत्त करा असे जाहीरपणे लिहिणारे. त्यामुळे कुणावर भार टाकावा अशी सोयही त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली नव्हती. २००४ पासून मुलाच्या नावाने रंगभूमीवरील माणसांना सन्मान देण्याची प्रथा त्यांनी आणि दीपाताईंनी सुरू केली. मूल गमावलेल्या आईवडिलांसमोर उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर व्यवसायात अनेकदा आला आहे. याहून अधिक मी लिहू शकत नाही.

आता 'नटसम्राट', आणि हा लेख लिहिण्याचे दुसरे कारण.

कुसुमाग्रजांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आईअण्णा मुंबईला काकांकडे गेले असताना त्यांनी ते पाहिले. निवृत्त झालेला थोर नट सारा पैसाअडका मुलांना वाटून टाकतो, आधी मुलाकडे, मग मुलीकडे राहतो, चोरीचा आळ येतो, आणि म्हातारा-म्हातारी रस्त्यावर येतात. आई सांगे, परतीच्या गाडीत अण्णा खांडवा येईपर्यंत बोलले नाहीत.

२०१३ मध्ये आई गेली. अण्णा धारच्या घरात एकटे राहू लागले. आजोबांनी पवारांच्या संस्थानात कारकुनी करताना बांधलेले ते घर. पाच खोल्या, मागे विहीर, जिन्याला कठडा नाही. मी देवासला. निम्मे दिवस माझे लक्ष फोनकडे. पुढच्या वर्षी मी एक गोष्ट केली, ती चुकीची होती. अण्णा दुपारी वाचनालयात जातात ती वेळ साधून मी एका दलालाला घर दाखवायला बोलावले. अण्णा त्या दिवशी लवकर परतले. ओटल्यावर एक परका माणूस फीत धरून उभा होता.

दलाल गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, हे घर आता तुम्हाला झेपत नाही. देवासला चला. तिथे तुमची खोली तयार आहे."

अण्णांनी चपला नीट लावून ठेवल्या. म्हणाले, "मी ते नाटक पाहिलेले आहे, डॉक्टर."

रागावले की ते मला डॉक्टर म्हणत. मला ते फार लागले. "मी त्या नाटकातला मुलगा नाही," मी म्हणालो.

"तो मुलगाही हेच म्हणाला असता."

त्या रात्री देवासला आल्यावर मी नाटकाचे पुस्तक काढून पुन्हा वाचले. इतकी वर्षे मला त्यातली पुढची पिढी दुष्ट वाटत आली होती. त्या वाचनात तशी वाटली नाही. ती शिस्तीची, कामाची, काळजी करणारी माणसे आहेत. त्यांचे बोलणे बहुतेक वेळा रास्त आहे. माझे बोलणेही रास्तच होते. मी दलालाला फोन करून नको म्हणून कळवले, जिन्याला कठडा बसवून घेतला, आणि दर रविवारी धारला जाऊ लागलो. दोन-तीन महिने अण्णा माझ्याशी फक्त हवापाण्याचे बोलले. त्यानंतर एका रविवारी त्यांनी मला डॉक्टर न म्हणता नावाने हाक मारली.

२०१६ च्या जानेवारीत महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' आला. मी, अण्णा आणि माझा मुलगा असे तिघे तो पाहायला इंदूरला गेलो. नाना पाटेकरांनी पडदा हलवून सोडला. मुलगा भारावला होता. परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ बाहेर पाहत राहिले, मग म्हणाले, "नाना उत्तमच करतो. पण हा बेलवलकर भांडतो. आमचा बेलवलकर गप्प व्हायचा, आणि तेवढा वेळ नाट्यगृहात कुणी खोकायचे नाही." हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा खरा गौरव, असे मी म्हणालो. अण्णा हसले. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त असे कितीतरी मोठे नट पुढे बेलवलकर झाले हे त्यांना ठाऊक होते. पण पहिल्यांदा पाहिलेला चेहरा त्यांनी कुणाला बदलू दिला नाही.

१७ डिसेंबर २०१९ च्या रात्री धारहून फोन आला. अण्णा एवढेच म्हणाले, "डॉक्टर गेले." क्षणभर मला कळेना, कोणते डॉक्टर, धारमधल्या दोन-तीन ज्येष्ठ सहकाऱ्यांची नावे मनात येऊन गेली. मग टीव्ही लावला. डॉ. लागू ब्याण्णव वर्षांचे होते. दूरचित्रवाणीवर हिंदी वाहिन्या 'मुकद्दर का सिकंदर' दाखवत होत्या आणि मराठी वाहिन्या 'सामना'. आम्ही दोघे फोन न ठेवता आपापल्या घरी बसून आळीपाळीने दोन्ही पाहत राहिलो.

अण्णा २०२२ च्या श्रावणात गेले, धारच्याच घरात, त्यांच्या खोलीत. घर अजून आहे. विहिरीवर जाळी टाकली आहे, पुढच्या दोन खोल्यांत एक होतकरू शिक्षक भाड्याने राहतात.

मुलगा आता पुण्याला असतो. गेल्या महिन्यात त्याने फोनवर विषय काढला. देवासची प्रॅक्टिस आता कमी करा, हे घर आणि धारचे घर दोन्ही विकून पुण्याला या, आमच्याच इमारतीत एक फ्लॅट निघतो आहे, आईलाही बरे पडेल. बोलणे रास्त होते. त्याने नाट्यगृहातला बेलवलकर पाहिलेला नाही. त्याच्या मनातले बेलवलकर नाना पाटेकर आहेत. मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. दिवाळीला तो चार दिवस येणार आहे, तेव्हा बोलू असे ठरले आहे.